शेजारच्या आसनावरचा वाचक
(सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना कोणतीही संस्था प्रथम वास्तू मोजते. त्यानंतर चातुर्मास, तपस्या, शिबिरे, शिष्यवृत्त्या आणि गरजूंना दिलेली मदत यांची नोंद होते. हे सारे मोजण्याजोगेच असते आणि सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी ते कृतज्ञतेने मोजावे. परंतु एका गोष्टीची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही. प्रवचनाच्या वेळी वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी आसन टाकून बसणाऱ्या दोघांची एकमेकांशी ओळख किती झाली, ही ती गोष्ट होय.

ओळख नसते असे नाही. शेजारच्या गृहस्थांचे दुकान कापड बाजारात आहे की आडते बाजारात, त्यांचे मूळ गाव कोणते, गोत्र कोणते, मुलगी कोठे दिली आणि मुलगा पुण्यात नोकरीला आहे की परदेशात, हे सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच, की या गृहस्थांच्या उशाशी रात्री कोणते पुस्तक असते आणि त्यातील कोणत्या पानापाशी ते अडतात. समोरच्या बाजूस बसलेल्या वयस्कर श्राविका दुपारच्या निवांत वेळी स्वतः स्तवने रचतात, हे कधी कधी त्यांच्या सुनेलाही माहीत नसते. संवत्सरीच्या दिवशी सारे हात जोडून परस्परांची क्षमा मागतात. पण ज्याची क्षमा मागायची, त्याच्या अंतरंगाचा पत्ताच नसेल, तर त्या शब्दांचे वजन कमी होते. आजच्या विषयाचे मूळ येथे आहे.

साधर्मिक हा आपल्या समाजाचा फार जिव्हाळ्याचा शब्द. साधर्मिक वात्सल्य म्हटले की डोळ्यांपुढे पंगत उभी राहते. समान धर्म पाळणाऱ्याला आदराने जेवू घालणे, अडचणीत त्याच्या पाठीशी उभे राहणे, हा त्याचा रूढ अर्थ आहे आणि तो थोर आहे. तथापि पंगतीत शेजारी बसलेल्याची भूक कळते, मन कळतेच असे नाही. मन कळण्यासाठी दोघांच्या मध्ये काहीतरी ठेवावे लागते. एखादे पुस्तक, एखादे चित्र, एखादी हाताने लिहिलेली वही. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून “आता बोला” म्हटले, तर दोघेही संकोचतात. मध्ये एक पान ठेवले, तर बोलणे त्या पानाविषयी सुरू होते आणि नकळत माणसांपर्यंत पोहोचते.

जैन परंपरेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. स्वाध्यायाची गणना आभ्यंतर तपात होते, हे सर्वज्ञात आहे. स्वाध्याय म्हणजे एकट्याने, कोपऱ्यात, मौन धरून केलेले वाचन, अशी मात्र एक समजूत रूढ झाली आहे. आगमांत स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. तत्त्वार्थसूत्रातही थोड्याफार नामभेदाने हेच पाच येतात. आता या पाचांकडे वेगळ्या नजरेने पाहावे. परिवर्तना, म्हणजे उजळणी, एकट्याने होऊ शकते. अनुप्रेक्षा, म्हणजे चिंतन, तर एकांतातच होते. पण वाचना म्हणजे पाठ देणे-घेणे. त्याला देणारा हवा आणि घेणाराही हवा. पृच्छना म्हणजे विचारणे. ज्याला विचारायचे, तो समोर हवा. धर्मकथेला श्रोता हवा. पाचांपैकी तीन प्रकार दुसऱ्या माणसावाचून घडूच शकत नाहीत. ज्या घरात केवळ एकट्याचे वाचन चालते, तेथे स्वाध्यायाचा अर्ध्याहून अधिक भाग अपुरा राहतो.

वाचना या शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. श्वेतांबर परंपरेत पाटलीपुत्र, मथुरा आणि वलभी येथील वाचना प्रसिद्ध आहेत. येथे वाचना म्हणजे श्रुतज्ञ मुनींचे एकत्र बसणे. दुष्काळाने आणि काळाने स्मरण विस्कळीत झाले, तेव्हा ज्याला जेवढे आठवत होते, तेवढे त्याने पुढे ठेवले आणि सर्वांनी मिळून पाठ निश्चित केला. वीर निर्वाणानंतर ९८० वर्षांनी, दुसऱ्या गणनेनुसार ९९३ वर्षांनी, वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली आगम पुस्तकारूढ झाले. त्या आधी आचार्य स्कंदिल यांची मथुरेची वाचना आणि नागार्जुन यांची वलभीची वाचना यांत काही पाठभेद पडले होते. हे भेद सरसकट पुसून टाकले गेले नाहीत. नागार्जुनीय परंपरेचे निराळे पाठ चूर्णी आणि टीका यांत नोंदलेले आढळतात. “दुसऱ्याने हे असे वाचले आहे”, अशी ती नोंद आहे. अनेकांत हा केवळ तर्काचा सिद्धांत नसून सहवाचनाचा शिष्टाचारही आहे, याचा याहून सुंदर पुरावा कोणता असू शकेल?

पर्युषणातही सहवाचनच घडते. स्थानकवासी परंपरेत आठ दिवस अंतगड सूत्राचे वाचन होते, मंदिरमार्गी परंपरेत कल्पसूत्र वाचले जाते, दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांचे विवेचन होते. ज्या गावी साधू-साध्वींचा चातुर्मास नसतो, तेथे स्वाध्यायी बंधू-भगिनी आपला व्यवसाय व घर आठ दिवस बाजूला ठेवून जातात आणि सूत्र वाचून दाखवतात. अनोळखी गावात पोथी हाती घेऊन गेलेला हा वाचक आठ दिवसांनी परततो, तेव्हा त्या गावातील घरे त्याची झालेली असतात.

वाचनाच्या जोडीला हातांची कला आली, की हे नाते अधिक घट्ट होते. लोंकाशाहांची कथा या दृष्टीने आठवावी. पंधराव्या शतकात अहमदाबादेत राहणारे लोंकाशाह सुंदर हस्ताक्षराबद्दल ख्यात होते आणि आगमांच्या प्रती उतरवून देण्याचे काम त्यांच्याकडे आले, असे परंपरा सांगते. अक्षर वळणदार काढता काढता अर्थाकडे लक्ष गेले, अर्थातून प्रश्न उभे राहिले आणि त्या प्रश्नांतून पुढे एका मोठ्या धर्मक्रांतीची वाट निघाली. तिच्या फलिताविषयी निरनिराळ्या परंपरांचे मत निरनिराळे असेल. पण हाताने अक्षर गिरवणारा माणूस त्या अक्षराचा खरा वाचक होतो, यावर कोणाचे दुमत होणार नाही.

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या मातीला या बाबतीत विशेष भाग्य लाभले आहे. कविकुलभूषण पूज्य तिलोकऋषिजी महाराज यांचा जन्म विक्रम संवत १९०४ मध्ये रतलाम येथे झाला. महाराष्ट्राच्या या भागात त्यांचा विहार झाला आणि विक्रम संवत १९४० मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, नगर येथे त्यांचा स्वर्गवास झाला. विपुल काव्यरचनेइतकीच त्यांची लेखनकलाही विलक्षण होती. ज्ञानकुंजर या त्यांच्या चित्रकाव्यात अक्षरांची मांडणी हत्तीच्या आकृतीत केलेली आहे. अशी रचना सरळ ओळीने वाचता येत नाही. डोळा सोंडेकडून पाठीकडे, पाठीकडून पायांकडे फिरवावा लागतो आणि बहुधा शेजारच्याला विचारावे लागते, “पुढची ओळ कोठून सुरू होते?” ज्या कागदाने वाचणाऱ्याला शेजारच्याशी बोलण्यास भाग पाडले, त्या कागदाने पृच्छना साधली, असे म्हणावयास हरकत नाही.

तिलोकऋषिजींचे शिष्य रत्नऋषिजी आणि रत्नऋषिजींचे शिष्य आचार्यसम्राट आनंदऋषिजी. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेल्या, १९१३ साली मिरजगाव येथे दीक्षा घेतलेल्या आणि २८ मार्च १९९२ रोजी नगर येथे देह ठेवलेल्या आचार्यश्रींविषयी या सभेला नव्याने सांगण्याचे कारण नाही. त्यांच्या कार्यातील एकच धागा येथे उचलावयाचा आहे. आपल्या दादागुरूंच्या चित्रकाव्याचा अर्थ सामान्य वाचकाला उलगडावा म्हणून त्यांनी त्यावर विवेचन लिहिले. एका पिढीने हाताने रेखाटलेले पान दुसऱ्या पिढीने समजावून तिसऱ्या पिढीच्या हाती दिले. वाचनाची वंशावळ अशी असते. तिला रक्ताचे नाते लागत नाही.

१९३६ साली सुरू झालेले पाथर्डीचे श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड हेही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. परीक्षा म्हटली की गुण, श्रेणी आणि प्रमाणपत्र आठवते. पण या बोर्डाने आणखी एक गोष्ट साधली. दूरदूरच्या गावांतील मुले-मुली, गृहिणी, साधू आणि साध्वी एकाच अभ्यासक्रमाची तीच पुस्तके अभ्यासू लागली. एकमेकांना कधीही न पाहिलेले ते सहवाचक होते. लग्नसमारंभात दोन अपरिचित वृद्धांची गाठ पडावी, बोलता बोलता दोघांनीही ‘जैन सिद्धांत विशारद’ची तयारी केल्याचे निघावे आणि मग जेवणाची पंगत उठून गेली तरी दोघांचे बोलणे संपू नये, हे दृश्य या जिल्ह्यात अशक्य नाही.

एकत्र वाचनाने माणसे कशी जवळ येतात, याचे एक उदाहरण जैन समाजाबाहेरचे आहे, पण ते नगर शहरातच घडले आहे. भिंगारकडे जाता-येता ज्या भुईकोट किल्ल्याचा तट दिसतो, त्या किल्ल्यात ‘चले जाव’ आंदोलनाच्या वेळी काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य बंदिस्त होते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटकसत्र झाले आणि नेत्यांना येथे आणण्यात आले. मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव, पट्टाभि सीतारामय्या, असफ अली, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब आणि प्रफुल्लचंद्र घोष हे ते बारा जण. यांतील अनेकांचा परस्परांशी वीस-वीस वर्षांचा संबंध होता. सभा, ठराव, मतभेद, समझोते हे सारे झाले होते. तरीही ती ओळख कामापुरती होती, जशी बाजारपेठेत व्यापाऱ्याची व्यापाऱ्याशी असते.

किल्ल्यात काम नव्हते. वेळ होता आणि पुस्तके होती. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ तेथे लिहिला. प्रस्तावनेत ते आपल्या अकरा सोबत्यांचे ऋण मानतात. या मंडळींत हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी, ओडिया अशा भाषांचे जाणकार होते, तसेच संस्कृत, पाली, अरबी आणि फारसी यांचेही. जणू भारताचेच लहानसे रूप त्या खोल्यांतून एकवटले होते. काही सहबंद्यांनी त्यांचे हस्तलिखित वाचून सूचना केल्या, असेही ते नमूद करतात. आणि ग्रंथ अर्पण केला आहे तो या सहकारी सहबंद्यांनाच. जगभर वाचला गेलेला हा ग्रंथ नगरच्या किल्ल्यातील एका वाचकमंडळाच्या सहवासात आकाराला आला, हे प्रत्येक नगरकराने अभिमानाने सांगावे.

इतरांचेही हात रिकामे नव्हते. आचार्य नरेंद्र देव यांनी वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध ग्रंथाच्या हिंदी अनुवादाचे काम येथे केले. पट्टाभि सीतारामय्या यांची बंदिवासातील टिपणे ‘फेदर्स अँड स्टोन्स’ या नावाने १९४६ साली प्रसिद्ध झाली. मौलाना आझाद पहाटे उठून, स्वतः चहा करून, पत्रे लिहीत. ती पत्रे त्यांचे विद्वान स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून होती. बंदिवासामुळे ती टपालात पडणे शक्य नव्हते. तरीही मौलाना लिहीत राहिले, कारण आपल्या लेखनाचा रस जाणणारा एक वाचक दूर कोठेतरी आहे, ही जाणीवच त्यांना पुरेशी होती. १९४६ साली ती पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि उर्दू गद्याचे लेणे ठरली. एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे कोलकात्यात निधन झाले, तेव्हा ते याच किल्ल्यात होते. ते दुःखही त्यांनी या वाचकमित्राला लिहिलेल्या पत्रातच उतरवले. ज्याच्याशी काव्याविषयी बोलता येते, त्याच्याशीच दुःखाविषयीही बोलता येते, असे यावरून दिसते.

पुस्तकांच्या बरोबरीने हातांचे छंदही होते. नेहरू उन्हातान्हात फुलांचे वाफे खणत. जमीन खडकाळ होती आणि जुन्या बांधकामांच्या अवशेषांनी भरलेली होती. खणता खणता सापडणाऱ्या त्या अवशेषांतून त्यांच्या ग्रंथातील इतिहासचिंतन सुरू होते. मौलानांनी आपल्या खोलीतील चिमण्यांविषयी लिहिले आहे. प्रथम त्यांनी चिमण्यांना हुसकावण्याचा खटाटोप केला, मग हार मानून दाणे टाकण्यास आरंभ केला आणि अखेर पाखरे निर्भयपणे हातावर येऊ लागली. जीवदयेचे व्रत पाळणाऱ्या कोणत्याही घरात ही हकीकत मोठ्याने वाचून दाखवावी, अशी आहे. राजकारणातील करारी नेता म्हणून जग ज्यांना ओळखत होते, त्यांची दुसरी ओळख चिमण्यांच्या गोष्टीने करून दिली.

येथे एक शंका कोणी घेईल. त्या मंडळींना बाहेर जाण्याची मुभाच नव्हती, म्हणून त्यांनी वाचले व परस्परांना ओळखले. आजच्या धावपळीत हे कसे शक्य आहे? शंका रास्त आहे. परंतु सक्तीने सहवास मिळतो, आपुलकी मिळत नाही. एका कोठडीत वर्षे काढून परस्परांशी अबोला धरणारी माणसेही असतात. आपुलकी उत्पन्न झाली ती हस्तलिखित दुसऱ्याच्या हाती देण्याच्या धैर्यातून आणि त्याने काढलेली चूक ऐकून घेण्याच्या विनयातून. धैर्य आणि विनय या दोहोंसाठी तुरुंगाची गरज नाही.

मग अडते कोठे? नगर हे काही पुस्तकांना पारखे झालेले शहर नव्हे. अहमदनगर जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ सालची आहे. महाराष्ट्रातील अगदी जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ज्ञानदेवांनी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली आणि श्रोत्यांनी ऐकली. बोलणारा, लिहिणारा आणि ऐकणारा एकत्र बसल्यावाचून तो ग्रंथ झाला नसता. पुस्तके आहेत, परंपरा आहे, वाचणारेही आहेत. नाही ती एका वाचकाकडून दुसऱ्या वाचकाकडे जाणारी वाट.

ही वाट तीन ठिकाणी अडलेली दिसते. पहिली अडचण कुलपाची. अनेक स्थानकांत व मंदिरांत ग्रंथांचे कपाट असते. त्यात दात्यांच्या नावांसह सुरेख बांधणीचे ग्रंथ असतात. ज्ञानाची आशातना होऊ नये, या शुद्ध भावनेने कपाटास कुलूप लागते आणि किल्ली कोणाकडे आहे, हे हळूहळू सारे विसरतात. पोथी जमिनीवर ठेवू नये, तिला पाय लागू नये, थुंकी लावून पान उलटू नये, हा विवेक हवाच. पण वर्षानुवर्षे न उघडलेला ग्रंथ वाळवीच्या स्वाधीन करणे, ही आशातना कमी कशी मानावी? ज्ञानपंचमीला ग्रंथ बाहेर काढून, झटकून, त्यांचे पूजन करण्याची प्रथा ज्यांनी घातली, त्यांना ग्रंथ हवेत व उजेडात यावेत, हाच हेतू अभिप्रेत असला पाहिजे.

दुसरी अडचण भाषेची. या जिल्ह्यातील अनेक जैन घरांत आजीची बोली मारवाडी, बाजाराची भाषा मराठी, प्रवचनाची हिंदी, सूत्रांची अर्धमागधी आणि नातवंडांची इंग्रजी. पाच भाषांचे हे ऐश्वर्य खरे; परंतु आजीने वाचलेले नातीला कळत नाही आणि नातीने वाचलेले आजीपर्यंत पोहोचत नाही. किल्ल्यातील बारा जणांपाशी याहून अधिक भाषा होत्या. त्यांनी त्या भिंती होऊ दिल्या नाहीत.

तिसरी अडचण संकोचाची, आणि ती सर्वांत अवघड. व्यापारी घरातील माणसाने चित्र काढणे, कविता लिहिणे, कादंबरी वाचणे हा रिकामटेकडेपणा मानला गेला. पुरुषांनी छंद दुकानाच्या गल्ल्यात लपवले, स्त्रियांनी ते फडताळात ठेवले. कित्येक घरांत आजही एक जुनी वही सापडते. पुठ्ठा निखळलेला, पाने पिवळी पडलेली, शाई फिकट झालेली. तिच्यात स्तवने, सज्झाय, चौवीसी आणि तपस्येची गीते उतरवून घेतलेली असतात. बोली मारवाडी, वळण मराठी शाळेचे. मध्येच कोठे चालीची खूण, कोठे समासात काढलेली वेलबुट्टी. ही वही म्हणजे त्या बाईचे पुस्तक, तिची चित्रकला आणि तिचे आत्मचरित्र. माहेरच्या गावी ऐकलेले स्तवन कोणते, सासरी आल्यावर जावेकडून घेतलेले कोणते, पहिल्या अठ्ठाईच्या वेळी रचलेले कोणते, हे तीच सांगू शकते. ती गेल्यावर वही उरते, पण सांगणारे कोणी उरत नाही. आणि घर बदलताना ती वही रद्दीत जाते, तेव्हा घरात कोणाला काही गमावल्याचे जाणवतही नाही. एखादे ज्ञानभांडार जळाले, तर सारा समाज हळहळेल. अशी भांडारे घरोघरी, एकेक वही करून, निमूटपणे नष्ट होत आहेत.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात या संस्थेने नवी वास्तू उभारावी की न उभारावी, याचा निर्णय विश्वस्त मंडळ करील. पण ज्यास फारसा खर्च नाही असे चार उपक्रम येथे नम्रपणे सुचवावेसे वाटतात.

पहिला, कपाट उघडावे आणि देवघेवीची एक नोंदवही ठेवावी. त्या वहीत पुस्तक नेणाऱ्याचे नाव व तारीख तर असावीच. पण पुस्तक परत करताना वाचकाने पुढच्या वाचकासाठी एक प्रश्न लिहून ठेवावा. अभिप्राय नको, स्तुती नको, एक प्रामाणिक प्रश्न पुरे. पुढचा वाचक तो प्रश्न वाचेल आणि कधीतरी प्रवचनानंतर लिहिणाऱ्याला शोधत येईल. हीच पृच्छना.

दुसरा, महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तासभर एकत्र बसावे. प्रत्येकाने स्वतःच्या वाचनातील एक पान आणावे. धर्मग्रंथ असावा, तसेच चरित्र, प्रवासवर्णन, कविता, शास्त्रविषयक लेखही असावा. प्रमुख पाहुणे नसावेत, हारतुरे नसावेत, स्पर्धा आणि बक्षीस तर मुळीच नसावे. बक्षीस आले की मनुष्य वाचत नाही, जिंकतो. एकाच पानाचे दोघांनी दोन अर्थ केले, तर दोन्ही लिहून ठेवावेत. वलभीच्या वाचनेचा तोच वारसा आहे.

तिसरा, ज्ञानपंचमीच्या दिवशी छापील ग्रंथांशेजारी घराघरांतील हस्तलिखित वह्या, रेखाटने, रांगोळीचे नमुने, पोथ्यांसाठी विणलेली व भरतकाम केलेली वेष्टने मांडावीत. प्रत्येक वस्तूपाशी ती करणारी व्यक्ती, किंवा तिच्याविषयी सांगू शकणारी घरातील व्यक्ती, बसलेली असावी. वस्तू पाहण्यास आलेला माणूस माणसाला भेटून परत जाईल.

चौथा उपक्रम युवकांचा. त्यांच्या हाती भ्रमणध्वनी असतो आणि त्यात छायाचित्र टिपण्याची सोय असते. घरच्यांच्या संमतीने या वह्यांची पाने टिपावीत आणि त्याच वेळी स्तवनाची चाल आजीच्या आवाजात मुद्रित करून ठेवावी. पुण्यात, बंगळुरात वा परदेशात असलेल्या नातवंडांनी त्या पानांतील मारवाडी शब्दांचे अर्थ विचारावेत. संध्याकाळच्या दूरध्वनीवर “जेवलीस का?” याच्या पुढे बोलणे सरकत नाही, अशी तक्रार अनेक घरांत असते. एका कठीण शब्दाचे निमित्त ते बोलणे अर्धा तास लांबवू शकेल.

या उपक्रमांना गर्दी होणार नाही. कदाचित पहिल्या महिन्यात सात जण येतील, दुसऱ्या महिन्यात पाच. त्याने निराश होण्याचे कारण नाही. किल्ल्यातील वाचकमंडळ बारा जणांचे होते. ज्ञानकुंजराचे पान समजून घेण्यास दोघे पुरेसे होतात, एक दाखवणारा आणि एक विचारणारा.

संस्थेचे वय पन्नास झाले, म्हणजे तिच्या स्थापनेच्या वेळी तरुण असलेली मंडळी आज वृद्धत्वात आहेत. त्यांतील अनेकांचे सोबती निघून गेले, मुले दूर गेली. त्यांना औषध मिळते, जेवण मिळते, सेवाही मिळते. मिळत नाही तो त्यांच्या वाचनाविषयी विचारणारा माणूस. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हेही स्वाध्यायाप्रमाणेच आभ्यंतर तप आहे. एखाद्या थकलेल्या डोळ्यांच्या वाचकापाशी बसून त्याच्या आवडीचे पान वाचून दाखवले, तर स्वाध्याय आणि वैयावृत्त्य ही दोन्ही तपे एकाच वेळी घडतात.

आणखी पन्नास वर्षांनी या संस्थेची शताब्दी साजरी होईल, तेव्हाही स्मरणिका निघेल. तीत वास्तूंची छायाचित्रे असतील, देणगीदारांची नामावली असेल. त्यांच्या शेजारी जर देवघेवीच्या नोंदवहीतील काही पाने छापता आली, कोणी कोणासाठी कोणता प्रश्न लिहून ठेवला आणि तो कोणी उचलला हे त्या पानांवरून दिसले, तर त्या काळच्या वाचकाला कळेल, की येथे लोक नुसते शेजारी बसत नव्हते.

येत्या संवत्सरीला हात जोडताना प्रत्येकाला शेजारच्या आसनावरील निदान एका व्यक्तीचे आवडते पुस्तक ठाऊक असावे, एवढाच संकल्प या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावा. ती क्षमा मग नावाची उरणार नाही, माणसाची होईल.

जय जिनेंद्र.